न पिणाऱ्या माणसाचं रक्त

माझ्या वडिलांनी जन्मात दारूचा थेंब तोंडात घेतला नाही, आणि तरीही सगळ्या डहाणूने त्यांना तीन वर्षं पक्का दारुडा मानलं. तेही दारूबंदीच्या काळात, आणि ते आमच्या भागातल्या दारूबंदी समितीचे चिटणीस असताना. आज हे मी हसत सांगते. तेव्हा मला हसू येत नव्हतं. तेव्हा मी लोकांच्या अंगावर धावून जात होते.

सगळा घोटाळा केला त्यांच्या तोंडाने. बाबांचा रंग मुळात गव्हाळ. पन्नाशी ओलांडली आणि चेहरा लाल व्हायला लागला. आधी गाल, मग नाक, मग कान. डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल शिरांचं जाळं उमटलं. ओठ जांभळट दिसू लागले. "दिवसभर उन्हात वाडीत फिरतात, मग काय होणार?" असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ऐन पावसाळ्यात, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नसतानाही बाबा लालच राहिले, तेव्हा तिने ते सांगणं बंद केलं.

आता त्या दिवसांत आमच्याकडे लाल तोंडाचा अर्थ एकच. मुंबई राज्यात दारूबंदी होती, पण दमण पोर्तुगीजांकडे होतं आणि ते काही फार लांब नव्हतं. तिकडचा माल होडीने यायचा, चिकूच्या करंड्यांखालून यायचा, एकदा तर नवरीच्या पालखीतून आला म्हणतात. तो कोण आणतं हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. नुसत्या ताडीने माणूस इतका लाल होत नाही हेही लोकांना माहीत होतं. त्यामुळे बाबांकडे बघून लोकांनी हिशेब केला की हा माल साधा नव्हे, चांगला विलायती असणार, आणि चिटणीस असल्यामुळे त्यांना तो सुखरूप मिळत असणार.

आमच्याकडे चिकू घ्यायला येणारा एक गुजराती व्यापारी होता. एक दिवस करंड्या शिवून झाल्यावर तो बाबांच्या कानाशी लागला आणि हळूच म्हणाला, "काका, अमने तो कहो, माल क्यांथी आवे छे?"

बाबांना वाटलं, तो चिकूंबद्दल विचारतोय. ते मोठ्या अभिमानाने म्हणाले, "कुठून म्हणजे? घरचाच आहे. मागच्या वाडीत."

व्यापारी थक्क झाला. "घरेज बनावो छो?" म्हणाला. पुढचे कितीतरी महिने तो आमच्या मागच्या वाडीकडे मोठ्या आदराने बघत होता.

बाबांचा स्वभाव असा, की संशयाला जागाच नव्हती. पहाटे सरकारी केंद्रावरची नीरा प्यायचे, तीही सूर्य वर आला की नाही, कारण उन्हाने ती आंबते. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आला तर आधी वास घ्यायचे. समितीच्या सभेत उभे राहिले की पाऊण तास खाली बसत नसत. अशा माणसाला लोक पिणारा म्हणत होते आणि त्याच्या कानावर ते जातच नव्हतं, कारण तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

घरात वेगळीच तऱ्हा चालली होती. बाबांनी अंघोळ सोडली. म्हणजे रोज न्हाणीघरात जायचे, पण गरम पाणी अंगावर पडलं की अंगाला अशी काही खाज सुटायची, की ते पंचा गुंडाळून ओसरीवर यायचे आणि खांबाला पाठ घासत उभे राहायचे. पुरळ नाही, गांधी नाही, काही नाही. आईने साबण बदलला, पाणी बदललं, विहीर बदलली. शेजारच्या विहिरीचं पाणी आणलं तर शेजारणीला राग आला. कडुनिंब झाला, हळद झाली, खोबरेल झालं. शेवटी बाबा म्हणाले, "मी एक दिवसाआड करतो." त्याचे दोन दिवसाआड झाले, आणि मग आई दिवस मोजेनाशी झाली. हातापायांची बोटं लाल होऊन जळायची, म्हणून वर्तमानपत्र वाचताना ते पाय थंड पाण्याच्या बादलीत ठेवायचे. चार घास खाल्ले की पोट भरलं म्हणायचे. डोकं तर रोजच धरलेलं. न्हात नाही, जेवत नाही, डोकं धरून बसतो आणि तोंड लाल. बाहेरच्या माणसाने यातून काय समजावं?

आणि बाहेरच्याचं कशाला सांगू? मी तेव्हा रक्त तपासण्याचं शिक्षण मुंबईत पुरं करून आले होते आणि तलासरीच्या एका धर्मादाय दवाखान्यात नोकरीला होते. रोज सकाळी डहाणूहून एसटीने जायचं, संध्याकाळी धुळीने माखून परत यायचं. माझं सगळं काम रक्ताचं. पण एका संध्याकाळी बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते तेव्हा मी वाकले आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. नागवेलीच्या पानाचा होता तेवढाच. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "काय गं बाय?" मी म्हटलं, "काही नाही, डास होता." त्या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

दवाखान्यातल्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. रक्ताचा लालपणा मोजायला माझ्याकडे काचेची एक नळी होती, तिच्यावर खालून वर रेघा आणि आकडे. नळीत थोडं आम्ल घ्यायचं, बोटाला सुई टोचून रक्त बारीक पिपेटने तोंडाने ओढून त्यात सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. रक्त तपकिरी होतं. मग त्यात एकेक थेंब पाणी टाकत ढवळायचं, शेजारी बसवलेल्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत. जुळला की पाणी ज्या रेघेवर असेल तो आकडा. रक्त चांगलं असेल तर पाणी जास्त लागतं. आमच्याकडे येणाऱ्या बायकांचं सहा, साडेसहा, कधी पाच. पोटात जंत, अंगात हिवताप आणि ताटात जेमतेम नाचणी, मग रक्त कुठून येणार? माझ्या नळीचा खालचा अर्धा भाग वापरून धुरकट झाला होता आणि वरचा अर्धा अगदी कोरा होता. आमचे डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, हाडकुळे आणि घुमे. येईल त्याची खालची पापणी ओढून बघायचे, पांढरीफटक दिसली की नुसतं "हं" म्हणायचे आणि मला हाताने खूण करायचे. तीन वर्षं मी शेकडो पापण्या बघितल्या. घरी एका पापणीकडे मात्र कधी बघितलं नाही.

एकदा तलासरीच्या आठवडे बाजारात समितीने बाबांचं भाषण ठेवलं. वडाखाली बाकावर उभे राहून ते दारूचे दुष्परिणाम सांगू लागले. डोळे लाल कसे होतात, हात कसे कापतात, भूक कशी मरते. लोक फार तन्मयतेने ऐकत होते. माझ्या शेजारचा म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "माणूस खरा हाय. सोताचा अनुभव सांगते."

मी त्याच्याकडे वळून काहीतरी खरमरीत बोलणार, इतक्यात बाबा बोलता बोलता थांबले. त्यांचा वर केलेला उजवा हात खाली पडला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलून पाहिला, तो पुन्हा पडला. तोंडातून शब्द येईना. मग ते बाकावर बसले.

"चढली," गर्दीत कोणीतरी म्हणालं.

मी पोचेपर्यंत डॉक्टर पोचले होते. त्यांनी पहिलं काम केलं ते वास घेण्याचं. "वास नाही," मला म्हणाले. "असणारच नाही!" मी ताडकन उत्तर दिलं, जशी काही मी स्वतः कधी शंका घेतलीच नव्हती. पाच-सात मिनिटांत बाबांच्या हाताला ताकद आली, जीभ सुटली, आणि ते राहिलेलं भाषण पूर्ण करायला उठू लागले. डॉक्टरांनी त्यांना दाबून बसवलं आणि सवयीने खालची पापणी ओढली. त्यांचा हात तसाच राहिला. "इतका लाल रंग मी कॉलेज सोडल्यापासून पाहिला नाही," ते म्हणाले. एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते.

मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. गरम पाण्याने अंघोळ केली की खाज सुटते का? चार घासांत पोट भरतं का? बोटं जळतात का? आमच्या घरातली भांडणं या माणसाला कोणी सांगितली?

मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "बाई, आमच्या पेशंटांचं रक्त पातळ. तुमच्या वडिलांचं दाट झालंय असा मला संशय आहे. दाट रक्ताची गुठळी होते. आज ती मेंदूत अडकली आणि सुटली. पुढच्या वेळी सुटेलच असं नाही. पण नुसत्या तोंडावरून मी काही ठरवणार नाही. मोजा."

मी तिथेच सुई काढली. बाबांनी हात मागे घेतला.

"रक्त? माझं? कोणी तक्रार केली?"

आता हे नीट समजून घ्यायला हवं. आमच्याकडे तेव्हा मोठ्या माणसाचं रक्त काढायचं एकच कारण लोकांना माहीत होतं. पोलीस संशयिताला पकडायचे, डॉक्टरसमोर उभा करायचे, आणि त्याच्या रक्तात दारू आहे का ते बघायला रक्त काढायचे. "त्याचं रक्त काढलं" म्हणजे त्याची अब्रू गेली. ज्यांनी दहा वर्षं इतरांचं रक्त काढा म्हणून पोलिसांच्या मागे धोशा लावला, ते चिटणीस भर बाजारात बोट पुढे करणार? बाबा उठले आणि तरातरा एसटीकडे चालू लागले. माझ्या हातात सुई आणि डोक्यात संताप राहिला.

पुढचे पंधरा दिवस मी वडिलांच्या एका थेंब रक्तासाठी जे केलं ते डासही करत नाही. समजावलं, रडले, अबोला धरला. आईने चहा बंद करून पाहिला, पण चहाने खाज वाढते असं वाटून बाबांनीच तो सोडला होता. एक दिवसाआड न्हावी दाढीला यायचा. मी पिपेट घेऊन शेजारी उभी राहायची, की वस्तरा जरा कुठे लागला तर रक्त ओढून घ्यावं. न्हाव्याला माझा हेतू कळला मात्र, त्याचा हात असा जपून चालू लागला की वीस वर्षांत प्रथमच बाबांच्या हनुवटीला ओरखडा आला नाही. "बाय, तुमी उभ्या असल्यावर माजा हात कापते," तो म्हणायचा. कापत कुठे होता? तेच तर दुःख होतं.

हसायला येतं खरं, पण त्या पंधरा दिवसांत रोज संध्याकाळी एसटीतून उतरले की घराशी गर्दी दिसते का हे मी आधी बघायची.

एक दिवस बाबांच्या हातून पेला पडला. उजवा हात पुन्हा दहा मिनिटं मेला. बाबा घाबरले, आणि त्यांचं घाबरणं मी पहिल्यांदाच पाहिलं. पण कबूल करतील तर ते बाबा कसले? हात परत आल्यावर ते म्हणाले, "काढ रक्त. पण चोरून नाही. समितीच्या सभेत, सगळ्या गावासमोर. आणि एकट्या माझं नाही, समितीतल्या प्रत्येकाचं. कोण पितो ते कळू दे एकदा."

मी म्हटलं, "बाबा, माझ्या नळीत दारू कळत नाही. रक्त किती लाल तेवढंच कळतं."

"ते तुला ठाऊक आणि मला ठाऊक. त्यांना कशाला सांगायचं? विचारलं तर सांग. कोणी विचारणार नाही."

रविवारी सकाळी शाळेच्या पडवीत सभा ठरली. समितीत अकरा सभासद. एरवी नाश्ता असतो म्हणून अकराचे पंधरा यायचे. त्या दिवशी बोलावणं रक्ताचं आहे हे कळल्यावर एकाची सासू बोर्डीला अत्यवस्थ झाली. दोघांना झाईला जमीन बघायला जायचं होतं. एकाला उपास होता आणि उपासाला रक्त चालत नाही असं त्याने कळवलं. एक सभासद उजव्या हाताच्या पाचही बोटांना चिंध्या गुंडाळून आला, कोयता लागला म्हणे. मी म्हटलं, "डावा द्या." त्याने डाव्या हाताकडे असं पाहिलं जसा तो आज पहिल्यांदा दिसतोय, आणि वाडीत पाणी सोडायचं राहिलंय म्हणून निघून गेला. आणखी तिघांनी तर निमित्तही कळवलं नाही. शेवटी उरले तिघं. बाबा, एक शाळामास्तर, आणि ठार बहिरे असलेले अध्यक्ष, ज्यांना वाटत होतं की देवीची लस टोचणार आहेत. अंगणात मात्र साठ-सत्तर माणसं बघायला जमली होती. तलासरीहून डॉक्टर आले होते, ते कोपऱ्यात नेहमीसारखे गप्प बसले होते.

मास्तरांचं रक्त घेतलं. पाणी टाकत गेले, साडेअकराला रंग जुळला. अध्यक्षांचं दहा. लोकांनी लांबून नळ्या बघितल्या आणि आपापसांत ठरवलं की पाणी जितकं वर चढतं तितकी दारू जास्त. मास्तरांकडे दोन-चार संशयी नजरा गेल्या.

मग बाबा. बोटातून थेंब आला तो काळपट आणि आळशी, ओघळेचना. आम्लात सोडला, दहा मिनिटं थांबले, पाणी टाकू लागले. दहाची रेघ गेली, रंग गडद. बारा गेली. चौदा. "अजून टाकते!" अंगणातून कोणीतरी ओरडलं. सोळा. माझी नळी तिच्या आयुष्यात कधी गेली नव्हती अशा प्रदेशात गेली. अठरा. लोक थेंब मोठ्याने मोजायला लागले. वीस. मला वाटलं, आम्ल खराब झालं असणार. एकविसाच्या पुढे कुठेतरी रंग जुळला, आणि अंगणात अशी शांतता पसरली की बहिऱ्या अध्यक्षांनीसुद्धा मान वळवली.

"परत करा," डॉक्टर म्हणाले. नवं आम्ल, दुसरं बोट. तेवढंच. "आता तुमचं करा, म्हणजे नळी बरोबर आहे का कळेल." माझं नऊ निघालं. तीन वर्षं मी बायकांना पालेभाजी खा म्हणून दटावत होते. "माझंही करा," म्हणाले. त्यांचं अकरा. नळी अगदी बरोबर होती. नळीला बारा गावांत इतक्या रक्ताचा माणूस बघायची सवय नव्हती, एवढंच.

डॉक्टरांनी बाबांना बाकावर आडवं केलं आणि डाव्या बरगडीखाली बोटं रुतवली. "पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय. पण इकडे हिवतापाने ती सगळ्यांचीच वाढते, त्यावर जाता येत नाही." मला काचेवर रक्त पसरून घ्यायला सांगितलं, पेशी मोजायला सांगितल्या. त्या रात्रीच्या आत मी मोजून दिल्या. लाल पेशी तर इतक्या दाटीने होत्या की चौकटीत जागा नव्हती, पण पांढऱ्याही वाढलेल्या होत्या. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नुसत्या लाल वाढल्या असत्या तर मी छाती आणि हृदय तपासत बसलो असतो. सगळंच वाढलंय. म्हणजे गडबड जिथे रक्त तयार होतं तिथे आहे. हाडांत. मुंबईला न्या, उद्याच."

आम्ही मुंबईला गेलो आणि इकडे डहाणूत निकाल लागला. इतकी प्यायलेली होती की नळी भरून वाहिली, दोनदा केलं तरी वाहिली, आणि पोरगी पोटची असून तिला लपवता आलं नाही. निर्दोष ठरायला बोलावलेल्या सभेत बाबा सगळ्या गावासमोर दोषी ठरले.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात त्यांना विडी, दमा, हृदय सगळं विचारून झालं. मग छातीच्या मधल्या हाडात सुई घालून आतला मगज काढायचं ठरलं. "हाडात काय शोधता?" बाबांनी विचारलं. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "कारखाना." दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं, की काका, तुमच्या हाडातला रक्ताचा कारखाना सुट्टी घ्यायला तयार नाही, गरज नसताना माल काढतोच आहे. बाबा आळशी माणसांचे वैरी, त्यांना हे ऐकून आतून बरंच वाटलं असावं. आजाराचं नाव पॉलिसायथीमिया. बरा होत नाही, पण ताब्यात राहतो. ठरावीक दिवसांनी शिरेतून बाटलीभर रक्त काढून टाकायचं, की दाटपणा उतरतो.

"म्हणजे जळवाच," आई म्हणाली. "ते तर आमचा न्हावीही करतो."

पहिली बाटली भरली तेव्हा बाबा म्हणाले, "हे तलासरीच्या बायकांना द्या. माझी लेक सांगते, तिथे पाच-पाच रक्ताच्या बायका येतात." डॉक्टरांनी मान हलवली. हे रक्त दुसऱ्याला देत नाहीत. बाबांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या रक्तात खोट आहेच."

"खोट हाडात आहे, काका. तुमच्यात नाही."

त्यावर बाबांनी ते लेखी मागितलं. हा आजार दारूने झालेला नाही, असं इंग्रजीत तीन ओळी लिहून, सही-शिक्का घेऊन ते घरी आले. मास्तरांकडून त्याचं मराठी करवून घेतलं आणि समितीची सभा बोलावली.

पण तोवर तीन-चार महिने झाले होते, बाटल्यांमागून बाटल्या निघाल्या होत्या, आणि बाबांचा रंग उतरला होता. डोळे स्वच्छ, गाल पुन्हा गव्हाळ, हात स्थिर. अंघोळ रोजची सुरू झाली होती. जेवणही दोन भाकरींवर आलं होतं. सभेला अकराच्या अकरा सभासद हजर, चिंध्यावाल्याची पाचही बोटं धडधाकट. बाबा पत्र वाचायला उभे राहिले, तर त्यांच्या आधी अध्यक्षांनी ठराव मांडला, की आपल्या चिटणीसांनी मोठ्या निर्धाराने व्यसन सोडलं, याबद्दल ही सभा त्यांचं अभिनंदन करत आहे. टाळ्या झाल्या. बाबा लालबुंद झाले, आणि त्या वेळचा लालपणा निव्वळ रागाचा होता. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, टेबलावर मूठ आपटली. लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. "असू दे काका, झालं गेलं," कोणी म्हणालं. "मुंबईहून लिहून आणलं, म्हणजे किती मनाला लागलं असेल," दुसरा म्हणाला. बाबांनी चिटणीसपदाचा राजीनामा दिला. त्यावरही टाळ्या झाल्या.

महिनाभर ते घराबाहेर पडले नाहीत. जीव वाचला होता, पण ज्या गोष्टीसाठी ते जगत होते ती गेली होती, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. जो येईल त्याला मी नळी, आकडे आणि हाडांचा मगज समजावून सांगत होते. लोक ऐकून घ्यायचे आणि जाताना म्हणायचे, "लेक असावी तर अशी."

एका सकाळी झाईकडची एक मासे विकणारी बाई आपल्या नवऱ्याला मनगटाला धरून आमच्या ओसरीवर घेऊन आली. तो होडीवर जाणारा, तिशी-पस्तिशीचा, मान खाली. बाई म्हणाली, "काका, तुमी कशी सोडलीत ती याला सांगा. माझा आयकत नाय. बोलते, कोनाची सुटत नाय. मी बोलली, डहानूच्या काकांची सुटली."

मी पुढे झाले. "हे बघा बाई, आमच्या बाबांनी कधीच..."

बाबांनी हात वर केला. मी थांबले. ते त्या माणसाकडे बघत होते. त्याचे हात कापत होते आणि तो ते मांडीखाली लपवायचा प्रयत्न करत होता.

"बस," बाबा त्याला म्हणाले. "आधी अंगाची आग होते. बोटं जळतात. डोकं फुटेल असं वाटतं. जेवण जात नाही, झोप येत नाही. माझं सगळं झालेलं आहे. तरी माणूस त्यातून निघतो. मी निघालोय की नाही, बघ माझ्याकडे."

त्या माणसाने मान वर करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "तुमी कुठली पीत होतात, काका?"

बाबांना एकाही दारूचं नाव ठाऊक नव्हतं.

"ते नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही असं ठरवलंय," बाबा म्हणाले. "तूही काढू नकोस."

ती दोघं गेल्यावर आई फणकारली, "तीन वर्षं मी तुमच्यासाठी गावाशी भांडले, ते याच्यासाठी?" बाबा म्हणाले, "मी प्यालो असं कुठे म्हटलं? आजारच सांगितला." आणि पाणी मागितलं.

त्यानंतर येतच राहिले. झाईचे, तलासरीचे, पुढे पुढे गुजरातच्या बाजूचेही. काहींची सुटली, बऱ्याच जणांची नाही. तो होडीवाला मधे दोनदा घसरला, दोन्ही वेळा बाबा स्वतः एसटीने झाईला जाऊन त्याच्या दारात बसले. मुंबईचं ते पत्र मी त्यांच्या हातात पुन्हा पाहिलं नाही. कारखाना बाबांच्या हाडांत चालूच राहिला, बाटल्या निघत राहिल्या, आणि डॉक्टरांनी दिली होती त्याहून कितीतरी जास्त वर्षं ते काढून गेले.

तेराव्याला अंगण भरलं होतं. तो होडीवाला माझ्यासमोर येऊन बसला, केस पिकलेले, हात अगदी स्थिर. थोडा वेळ रडला. मग म्हणाला, "ताय, येक विचारू? तवा त्यांना लय कठीन गेला असंल ना, सोडताना?"

माझ्याजवळ सगळं होतं. आकडे, तारखा, काचेवरचं रक्त.

"हो," मी म्हटलं. "फार कठीण गेलं त्यांना."